आधी फोन नंबर, मग फोटो

(रौप्यमहोत्सवी वर्षात सोसायटीची नवी वेबसाईट करायचं ठरलं. कामाला हात घालण्याआधी सभागृहात सभासदांसाठी एक व्याख्यान ठेवलं होतं. वक्त्या आपल्याच सोसायटीत लहानाच्या मोठ्या झाल्या आणि आता पुण्यात सॉफ्टवेअरच्या क्षेत्रात काम करतात. त्यांच्या व्याख्यानाचा हा मजकूर. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे. – संपादक मंडळ)



या सभागृहात मी गणपतीत नाच केलाय. पाठ केलेलं भाषण विसरून रडत खाली उतरलेय, तेही याच जागेवरून. आज कागद हातात आहे, त्यामुळे तेवढी भीती नाही.

सचिव काकांनी मला महिनाभरापूर्वी एक यादी पाठवली. नव्या वेबसाईटवर काय काय हवं, याची. कमिटीच्या तीन बैठकांत ज्यानं जे सुचवलं ते सगळं त्यात लिहिलेलं होतं. अध्यक्षांचं मनोगत, पंचवीस वर्षांचा इतिहास, फोटो, व्हिडिओ, ऑनलाईन मेंटेनन्स, हॉलचं बुकिंग, वाढदिवसांची यादी, सभासदांची यादी फोननंबरासकट, थकबाकीदारांची यादी, वधू-वर सूचक, सुविचार, हवामान, आणि उघडल्याबरोबर वाजणारं एक गाणं. खाली काकांनी लिहिलं होतं, "यातलं महत्त्वाचं कोणतं ते तू ठरव."

काका, मी ठरवणार नाही. ते मी ठरवायचं नसतं, आणि माफ करा, कमिटीनंही ठरवायचं नसतं. मग कोणी ठरवायचं, तेच सांगायला आज उभी आहे.

आधी एक घरची गोष्ट सांगते. आपली एक वेबसाईट पूर्वी होती, हे तुमच्यापैकी बऱ्याच जणांना आठवत असेल. उघडली की मोठे मोठे फोटो एकामागून एक सरकायचे. खाली "आपण अमुकावे पाहुणे आहात" असा आकडा फिरायचा. वृक्षारोपणाचे फोटो होते, कोजागिरीचे होते. बनवली तेव्हा सगळ्यांना फार आवडली होती. मलाही.

2017 चा पावसाळा. आई माहेरी रिसोडला गेली होती, बाबा घरी एकटे. मी पुण्यात. रात्री नऊला रोज फोन व्हायचा, त्या दिवशी बाबांनी उचलला नाही. साडेनऊला नाही, दहाला नाही. शेजारच्या काकूंचा नंबर माझ्याकडं होता तो जुना, बंद झालेला. आईला विचारावं तर ती घाबरेल. मग मला सुचलं, आपली वेबसाईट आहे की! उघडली. फोनवर ती उघडायलाच किती वेळ लागला. एक फोटो अर्धा आला, मग पूर्ण आला, मग दुसरा. वृक्षारोपण झालं, कोजागिरी झाली, अध्यक्षांचं मनोगत झालं. पूर्ण वेबसाईट मी पालथी घातली. तिच्यावर एकही फोन नंबर नव्हता. ऑफिसचा नाही, वॉचमनचा नाही, कोणाचाच नाही. "संपर्क" असं लिहिलेलं एक पान होतं, त्यावर सोसायटीचा नोंदणी क्रमांक आणि पिनकोड होता.

शेवटी शाळेतल्या एका मैत्रिणीला उठवलं, तिनं तिच्या दिराला पाठवलं. बाबा न्हाणीत पाय घसरून पडले होते. खुब्याचं हाड मोडलं होतं आणि ते तीन तास तसेच पडून होते. पलीकडच्या भिंतीला वॉचमन रेडिओ ऐकत बसलेला होता. त्याचा नंबर मला मिळाला असता तर ते तीन तास वीस मिनिटांवर आले असते.

बाबा आज पहिल्या रांगेत काठी घेऊन बसलेत. तेव्हा गोष्ट गोड झाली असं म्हणू. पण त्या रात्रीनंतर वेबसाईटकडं बघायची माझी नजर बदलली. त्या साईटवर चुकीचं काही नव्हतं. फोटो चांगले होते, मनोगत चांगलं होतं. पण ती बनवताना एकानंही विचारलं नव्हतं की, ही कोण उघडणार आहे, कधी उघडणार आहे, आणि त्या वेळी त्याचं काय अडलेलं असेल?

ही काही फक्त आपलीच गोष्ट नाही. वर्ल्ड वाईड वेब टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत तयार केलं, 1990-91 च्या सुमारास. अणूच्या पोटात काय आहे हे शोधणारी माणसं तिथली. पण त्या मोठमोठ्या शास्त्रज्ञांना वेबची सवय कशामुळं लागली माहितेय? टेलिफोन डिरेक्टरीमुळं. संस्थेतल्या लोकांचे फोन नंबर वेबवर टाकले, आणि लोक ते बघायला रोज वेब उघडायला लागले. म्हणजे जगातल्या पहिल्यावहिल्या वेबसाईटवाल्यांनाही आधी फोन नंबरच लागला होता. आपण वृक्षारोपणापासून सुरुवात केली.

आता आपल्या जवळचं उदाहरण घेऊ. इथं बसलेल्यांपैकी बहुतेक घरांची गावाकडं शेती आहे. कुणाची मालेगावकडं, कुणाची मंगरूळपीर, कारंजा, मानोऱ्याकडं. तेव्हा महाभूलेख सगळ्यांनी कधी ना कधी उघडलेलं आहे. दिसायला ती साईट काही सुंदर नाही. पण ती विचारते कशी, ते बघा. आधी विभाग, म्हणजे आपला अमरावती. मग जिल्हा, मग तालुका, मग गाव. आपण एखाद्याला पत्ता सांगतो तसंच. त्यानंतर गट नंबर. आणि गट नंबर आठवत नसेल तर नावावरूनही शोधता येतं. ही एक सोय काढून टाका, मग बघा. आजोबांचं नाव पाठ आहे पण गट नंबर माहीत नाही अशी किती माणसं असतात! त्यांच्यासाठी बाकीची साईट कितीही चांगली केली तरी ती बंदच.

त्यातही खरी गंमत पुढं आहे. साईटवरचा सातबारा पूर्वी फक्त माहितीसाठी होता. बघा, छापा, पण बँकेत द्यायचा असेल तर सहीसाठी तलाठ्याकडं जावं लागायचं. 1 मे 2018 पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळायला लागला. साईटचा रंग बदलला असता, वर फिरती चित्रं लावली असती, तर शेतकऱ्याची एकही चक्कर वाचली नसती. एका सहीनं ती वाचली. महत्त्वाची सोय ओळखायची ती अशी. जिच्यामुळं माणसाची चक्कर वाचते, ती.

उलट उदाहरणही आपण सगळ्यांनी भोगलंय. 2021 चा एप्रिल-मे आठवा. अठरा वर्षांवरच्यांसाठी कोविन साईटवर नोंदणी 28 एप्रिलला सुरू झाली. ती साईट तेव्हा इंग्रजीत होती. नोंदणी फोनवर, ओटीपी फोनवर, आणि जागा सुटल्या की क्षणात संपायच्या. ज्याची बोटं चपळ आणि इंग्रजी बरं, त्याला लस. शहरातली मुलं गाड्या काढून खेड्यातल्या केंद्रांवर लस घ्यायला येत होती, आणि त्याच गावचे लोक बाजूला उभे राहून बघत होते. हा प्रश्न सुप्रीम कोर्टापुढंही आला. मग 24 मे ला सरकारी केंद्रांवर जाग्यावर नोंदणीची मुभा दिली आणि जूनमध्ये साईट मराठीसह इतर भारतीय भाषांत आली. एवढ्या मोठ्या देशाची साईट, एवढी हुशार माणसं. तरी भाषा आणि ज्याच्याकडं फोन नाही तो माणूस, या दोन गोष्टी मागाहून आल्या. त्या पहिल्या यादीत असायला हव्या होत्या.

आता आपल्या यादीकडं येते.

महिनाभर मी एक उद्योग केला. सचिव काकांना आणि वॉचमनला एकेक वही दिली. सांगितलं, कोणीही काही विचारलं की फक्त प्रश्न लिहायचा, उत्तर नाही. सोसायटीच्या ग्रुपवरचे प्रश्न मी स्वतः उतरवून घेतले. "वेबसाईटवर काय हवं?" असं मी एकालाही विचारलं नाही. तसं विचारलं की माणूस दुसरीकडं पाहिलेलं सगळं सांगतो. गाणं पाहिजे म्हणतो, हवामान पाहिजे म्हणतो. "शेवटचं तुमचं काय अडलं होतं?" असं विचारलं की मात्र तो खरं बोलतो.

वहीत सगळ्यात जास्त वेळा काय आलं असेल? बरोबर, "नळ आज येणार का?" एकबुर्जीचं पाणी आपल्याला कोणत्या दिवशी, किती वाजता, हाच वाशिमकरांचा पहिला प्रश्न. त्याखालोखाल "मेंटेनन्सची पावती मिळाली नाही", मग "प्लंबरचा नंबर द्या", "लाईट कधी येणार", मग "हॉल अमुक तारखेला रिकामा आहे का", "नाव लावायला कोणते कागद लागतात". कोपऱ्यावरच्या आजींनी तर वॉचमनला ऐकवलं होतं, आणि त्यानं ते जसंच्या तसं उतरवलं: "तुमच्या त्या जुन्या साईटीवर गानं वाजत होतं म्हने. मले गानं नाई पाह्यजे बाप्पा, नळ कधी येते ते सांग."

महिनाभरात सुविचार एकानंही मागितला नाही. अध्यक्षांचं मनोगतही नाही. अध्यक्ष काका हसतायत, म्हणजे राग आलेला नाही.

आमच्या धंद्यात अशा याद्यांसाठी एक जुनी रीत आहे. ऑरॅकल कंपनीतल्या डाय क्लेग यांनी 1994 मध्ये ती मांडली. यादीतल्या गोष्टी चार टोपल्यांत टाकायच्या. हवंच, असावं, असलं तर बरं, आणि सध्या नको. चौथी टोपली सगळ्यात कामाची, कारण तिच्यात टाकलेलं काम उधळलं जात नाही. "नाही" म्हणण्याऐवजी "सध्या नको" म्हटलं की भांडणही होत नाही. लग्नाच्या यादीसारखंच आहे. पैसे आणि दिवस ठरलेले असतात, त्यात मंडप आणि जेवण आधी, घोडा नंतर.

कोणती गोष्ट कोणत्या टोपलीत, यासाठी मी दोनच प्रश्न ठेवले. पहिला, ही नसली तर कोणाचं अडतं? दुसरा, ही दर महिन्याला ताजी कोण ठेवणार? दुसऱ्या प्रश्नाला माणसाचं नाव मिळालं नाही तर ती गोष्ट कितीही चांगली असो, सध्या नको. तीन वर्षांपूर्वीची सूचना "नवीन" म्हणून झळकत असली की लोक खऱ्या सूचनेवरही विश्वास ठेवत नाहीत.

तर माझी वाटणी सांगते.

हवंच, यात चार गोष्टी. एक, फोन नंबर. अगदी वर, उघडल्याबरोबर दिसतील असे. वॉचमन, ऑफिस, सचिव, प्लंबर, इलेक्ट्रिशियन, आणि 112 व 108. हे नंबर चित्रात नकोत, अक्षरांत टाकलेले हवेत, म्हणजे बोट लावलं की फोन लागतो.

दोन, आजची सूचना. पाणी, लाईट, सभा. तारखेसकट, आणि जुनी झाली की आपोआप खाली जाणारी. आपली वार्षिक सभा 30 सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते आणि तिची सूचना चौदा दिवस आधी द्यावी लागते. ती सूचना पुण्यामुंबईत असलेल्या सभासदालाही त्याच दिवशी दिसली पाहिजे.

तीन, कागद. उपविधी, लेखापरीक्षण झालेला ताळेबंद, सभांची इतिवृत्तं. सहकार कायद्यानं हे बघायचा हक्क सभासदाला दिलेलाच आहे. आज तो हक्क बजावायला सचिव काकांच्या घरी जावं लागतं आणि कपाटाची किल्ली सापडावी लागते. हे कागद वर ठेवले की हिशोबावरून होणारी कुजबूज निम्मी कमी होईल. हे कागद सभासदांपुरते, पासवर्डच्या आत.

चार, अर्ज. नामनिर्देशनाचा, नाव लावण्याचा, भाडेकरूच्या माहितीचा, आणि प्रत्येकाबरोबर कोणते कागद लागतात याची यादी. इथल्या किती ज्येष्ठांनी नामनिर्देशन भरलंय, हे हात वर करून विचारणार नाही. पण ते भरलेलं नसलं की मागच्यांना काय धावपळ करावी लागते, ते या सभागृहातल्या दोन-तीन घरांना चांगलं माहीत आहे.

असावं यात हॉलचं बुकिंग आणि ज्याला त्याला स्वतःच्या मेंटेनन्सची पावती. असलं तर बरं यात फोटो आणि इतिहास. फोटोंची मी वैरी नाही हो! परदेशातली नातवंडं आजीचा हळदीकुंकवाचा फोटो बघतात तेव्हा काय वाटतं, ते मला कळतं. पण फोटो आतल्या पानावर, आणि लहान करून. फोनवर काढलेला एक फोटो चार-पाच एमबीचा असतो. लहान करून दोनशे केबीचा केला तरी फोनच्या पडद्यावर फरक दिसत नाही, आणि साईट झटकन उघडते.

सध्या नको यात ऑनलाईन पेमेंट, वधू-वर सूचक, हवामान आणि गाणं. पेमेंट का नको, असं तरुण मंडळी विचारतील. यूपीआय आपल्याकडं आहेच. वहीत लोकांची तक्रार पैसे भरता येत नाहीत अशी नव्हती, पावती मिळत नाही अशी होती. आजार पावतीचा आहे, औषध पेमेंटचं कशाला?

आणि एक पाचवी टोपली मी माझ्या मनानं केली. कधीच नको. सभासदांचे फोन नंबर सगळ्या जगाला दिसतील असे कधीच नकोत. कोण किती दिवस बाहेरगावी आहे, हे नको. लहान मुलांचे नावासकट फोटो नकोत. आणि थकबाकीदारांची यादी नको. हे बोलले की दोन-चार काकांच्या भुवया वर जातील, मला माहीत आहे. थकबाकीचा त्रास खरा आहे, सोसायटीची कामं त्यानं अडतात. पण वसुलीचा रस्ता कायद्यानं दिलेला आहे, नोटीस देता येते. वेबसाईटवर नाव टांगलं की ते नाव उद्या मुलीच्या सासरचे वाचतील, मुलाच्या ऑफिसातले वाचतील. थकबाकी भरली तरी ते कुठं ना कुठं उरेल. 2023 मध्ये आपल्या देशात डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झालाय. पण कायदा नसता तरी शेजारधर्म आहेच की.

आता तीन छोट्या गोष्टी, ज्या कोणाच्याच यादीत नव्हत्या.

पहिली, मराठी. साईट मराठीतच हवी, आणि ती युनिकोडमध्ये टाईप केलेली. सूचनेचा कागद फोटो काढून चिकटवला तर अक्षर मोठं करताना फुटतं, शोधून सापडत नाही, आणि डोळ्यांना कमी दिसणाऱ्याला फोन ती वाचून दाखवू शकत नाही. जुन्या फाँटमध्ये टाईप केलेलं तर दुसऱ्याच्या फोनवर नुसते चित्रविचित्र ठिपके दिसतात.

दुसरी, किल्ली. आपली जुनी साईट बंद का पडली, आठवतं? ज्या मुलानं बनवली त्याच्या नावावर तिचं नाव घेतलेलं होतं. तो नोकरीला बाहेर गेला, वार्षिक पैसे भरायचे राहिले, साईट गेली. दोष त्याचा नाही, त्यानं फुकट करून दिली होती. या वेळी नाव सोसायटीच्या नावावर घ्या, पासवर्ड कुलूपबंद पाकिटात ठेवा, आणि नवी कमिटी आली की दप्तराबरोबर ते पाकीटही सोपवा. नूतनीकरणाची तारीख वार्षिक अंदाजपत्रकात लिहा.

तिसरी, फळा. कोविनचं उदाहरण विसरू नका. जे साईटवर लागेल ते फाटकाजवळच्या फळ्यावरही लागलंच पाहिजे. साईट आली म्हणून फळा काढला तर आजी आपल्याला सोडणार नाहीत.

कोणी म्हणेल, एवढं सगळं कशाला, व्हॉट्सॲप ग्रुप आहे की. आहे, आणि तो राहू द्या. पण ग्रुप म्हणजे वाहता नाला. मंगळवारी टाकलेला प्लंबरचा नंबर शुक्रवारी शोधायला गेलं तर त्यावरून शुभ सकाळच्या किती फुलांचा पूर आलेला असतो! वेबसाईट म्हणजे विहीर. फार खळखळ नसते, पण रात्री दोनला गेलं तरी पाणी तिथंच असायला हवं.

शेवटी एक विनंती. दाराजवळ एक पेटी ठेवली आहे, शेजारी चिठ्ठ्या आहेत. जाताना प्रत्येक घरानं एकच चिठ्ठी टाकायची. काय हवं ते लिहू नका. गेल्या वर्षात कोणती माहिती वेळेवर मिळाली नाही, ते लिहा. माझी वाटणी मी केली, पण ती एका महिन्याच्या वह्यांवरून केली आहे. तुमच्या चिठ्ठ्यांनी ती बदलली तर मला आनंदच आहे.

बाबांनी त्यांची चिठ्ठी सकाळीच लिहून ठेवली होती. मी वाचली. त्यावर चारच शब्द आहेत: "वॉचमनचा नंबर. मोठ्या अक्षरात."